बिल भरतो त्याची मर्जी

भाडेकरू हा परवानगी मागण्यात तरबेज झालेला माणूस असतो. भिंतीत खिळा ठोकू का, गॅलरीत तुळस ठेवू का, गावाहून आई-बाबा येणार आहेत, महिनाभर राहिले तर चालेल ना, या प्रश्नांची त्याला इतकी सवय होते की स्वतःच्या पैशाने आणलेला बल्ब लावतानाही तो एकदा दाराकडे बघून घेतो. मुंबईत मालाड आणि गोरेगावच्या भाड्याच्या घरांत माझं हे शिक्षण पक्कं झालं होतं. त्यामुळे लंडनच्या पश्चिमेला हाउन्स्लोत घर भाड्याने घेतलं, तेव्हा काय काय विचारायचं याची यादी मनात तयार ठेवूनच मी किल्ली घेतली.

वीज आणि गॅस कोणाकडून घ्यायचा हा प्रश्न त्या यादीत असण्याचं कारणच नव्हतं. आपल्याकडे वीज येते किंवा जाते. ती कोणाकडून घ्यावी यावर डोकं शिणवायची वेळ बहुतेकांवर येत नाही. ब्रिटनमध्ये मात्र घरगुती ग्राहकांसाठी गॅसचा बाजार १९९८ पर्यंत आणि विजेचा १९९९ पर्यंत पुरता खुला झाला. वीज-गॅसची कंपनी बदलणं हा तेव्हापासून इथल्या बऱ्याच लोकांचा जोडधंदा आहे. हवामानावर बोलून संपलं की गडी टॅरिफवर येतात.

या बाजारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे ऑफजेम. भाडेकरूंच्या बाबतीत तिचा नियम सरळ आहे. बिल तुम्ही थेट कंपनीला भरत असाल, तर कंपनी तुम्ही निवडायची. बिल मालक भरत असेल आणि भाड्यातून वसूल करत असेल, तर निवड मालकाची. मालकाने करारात ‘आमची नेहमीची कंपनी’ म्हणून एखादं नाव घालून ठेवलं असलं, तरी बिल भरणाऱ्याचा हक्क त्यामुळे बुडत नाही. मालकाला कळवावं, एवढंच. आणि मीटरचा प्रकार बदलून घेतला असेल, तर घर सोडताना तो पहिल्यासारखा करून द्यावा लागू शकतो. एवढं सोपं वाचून खरं तर आनंद व्हायला हवा. मला संशय आला. इतका चांगला नियम भाडेकरूसाठी असेल, तर त्यात कुठेतरी मेख असणारच.

हक्क बजावायचा तर आधी मीटर सापडायला हवं. इथलं विजेचं मीटर पुष्कळदा जिन्याखालच्या कपाटात असतं आणि त्या कपाटात मीटर सोडून बाकी सगळं असतं. आमच्या कपाटात मालकाचं ख्रिसमसचं झाड होतं, खोक्यातून अर्धं बाहेर आलेलं. वाळून गेलेल्या फिकट पिवळसर रंगाचा डबा होता. दांडा नसलेला व्हॅक्यूम क्लीनर होता. त्यामागे, गुडघे टेकून आणि मान वाकडी करून मोबाइलचा टॉर्च मारला की कोळ्याच्या जाळ्याआड आकडे दिसायचे. गॅसचं मीटर घराबाहेर, भिंतीला लावलेल्या पांढऱ्या पेटीत. ती पेटी त्रिकोणी भोकाच्या प्लास्टिकच्या किल्लीने उघडते. घराच्या तीन किल्ल्या मालकाने मोजून, सही घेऊन दिल्या होत्या. ही चौथी त्यालाही कुठे दिसली नव्हती. शेवटी शेजारच्या पंजाबी मावशींनी त्यांची दिली आणि वर सांगितलं, “पुत्तर, फोटो काढून ठेव. पहिल्या दिवसाचा. नाहीतर आधीच्या लोकांचं सगळं तुझ्या गळ्यात.”

मावशींचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. आधीच्या भाडेकरूची थकबाकी नव्याने भरायची नसते, पण आपण कधी आलो आणि त्या दिवशी आकडा काय होता, हे दाखवता आलं पाहिजे. तारखेसकट काढलेला फोटो दहा फोनांचं काम करतो. कारण आपण राहायला गेल्या दिवसापासून, कुठेही सही न करता, तिथल्या चालू कंपनीशी आपला एक मानीव करार झालेला असतो. पहिल्या पंधरवड्यात दारातून पाकिटं पडायला लागतात. त्यांवर नाव नसतं, नुसतं ‘द ऑक्युपायर’, म्हणजे जो कोणी राहत असेल तो. या मानीव कराराचा दर बहुधा स्वस्त नसतो. पण त्यातून केव्हाही बाहेर पडता येतं. मुदतही नाही आणि दंडही नाही. तरी माणसं वर्षानुवर्षं त्यातच राहतात, कारण ज्या करारावर आपण सहीच केली नाही तो मोडता येतो, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

आमच्या घरी हे प्रथम बायकोच्या मनात आलं.

“कंपनी बदलू या,” ती म्हणाली.

“मालकाला विचारायला हवं.”

“बिल कोण भरतं?”

“आपण.”

“मग विचारायचं काय त्यात?”

“अगं, सांगून ठेवलेलं बरं असतं.”

“सांग की. सांगायला कोण नको म्हणतंय? तू विचारायला निघालायस.”

मुंबईचे आमचे घरमालक म्हणजे काका. काकांना विचारायचं असतं, आणि काकांनी “बघू” म्हटलं की ते नाही असतं, एवढं समजायला भाडेकरूला व्याकरण लागत नाही. इथला मालक पहिल्याच भेटीत म्हणाला की मला नावाने हाक मार. साठीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारून त्याच्या घराबद्दल बोलायचं म्हणजे जीभ दोनदा अडखळते. मग मी मेल लिहिला. त्यात आधी घराची स्तुती केली, मग बागेतल्या गवताचा वृत्तान्त दिला, आणि शेवटच्या परिच्छेदात, आपली हरकत नसल्यास, वीज आणि गॅसची कंपनी बदलण्याचा आमचा मानस कळवला. उत्तर दोन दिवसांनी आलं. नुसता अंगठा. बायकोने तो अंगठा पाहिला, मग माझा मेल वाचला आणि म्हणाली, “बिचाऱ्याला गवताची काळजी लागली असेल.”

आता निवडायचं म्हणजे नक्की काय निवडायचं? नवी कंपनी म्हणून नवी तार येत नाही. तीच तार, तेच मीटर, तोच गॅसचा नळ. लंडनमधल्या विजेच्या तारा सांभाळणारी कंपनी वेगळीच असते आणि ती आपल्याला बदलता येत नाही. देशभरातली वीज एकाच जाळ्यात सोडली जाते. वाऱ्याची, सूर्याची, गॅसची, अणूची, सगळी तिथे एक होते. आपण हिरवी वीज घेतली म्हणून घरातला बल्ब हिरव्या तत्त्वांवर पेटत नाही. एखाद्या पंगतीत स्वयंपाक एकाच आचाऱ्याचा, वाढपी तेच, आणि आपल्या मर्जीवर सोडलेलं एवढंच की आहेराचं पाकीट कोणाच्या हातात द्यायचं, तसा हा प्रकार आहे. तरी पाकीट कोणाच्या हाती जातं याला किंमत असतेच. दर काय लावणार, फोन उचलायला किती वेळ घेणार, अंदाजपंचे बिल पाठवणार की खऱ्या आकड्याचं, सगळं त्या हातावर असतं.

दर या शब्दाच्या पोटात इथे दोन गोष्टी असतात. एक युनिटचा दर, आणि दुसरा स्टँडिंग चार्ज. हा दुसरा रोजचा असतो. तुम्ही महिनाभर कोकणात जाऊन आलात, घर कुलूपबंद होतं, एक दिवा लागला नाही, तरी तो चालूच. लंडनमधल्या मराठी मंडळींमध्ये गणपतीच्या दिवसांत मोदकांच्या सारणाइतकीच या स्टँडिंग चार्जवर चर्चा झालेली मी ऐकली आहे. एक गृहस्थ पक्क्या दराचे पुरस्कर्ते: वर्षभर दर बांधून घ्यावा आणि निवांत झोपावं. दुसरे बदलत्या दराचे: बाजार उतरला की आपणही उतरायला मोकळे. दोघेही एकमेकांकडे कीव आल्यासारखे बघत होते. प्रसादाची वाटी हातात आली तेव्हाच वाद मिटला.

प्रत्यक्ष बदल करायला अर्धा तास पुरतो. पत्ता द्यायचा, अंदाजे वापर सांगायचा, बँकेचा तपशील भरायचा. जुन्या कंपनीला आपण काही कळवायचं नसतं, ते नवीच कळवते. मन बदललं तर मागे फिरायला १४ दिवस असतात. जुलै २०२२ पासून हा सगळा बदल पाच कामकाजाच्या दिवसांत होतो. त्या दिवशी घरात काय घडतं? काहीही नाही. दिवा लुकलुकत नाही, चहा तितक्याच वेळात उकळतो. आयुष्यातला इतका मोठा निर्णय मालकाच्या नुसत्या अंगठ्यावर घेतल्यावर निदान फ्यूज तरी उडेल अशी माझी अपेक्षा होती.

या हक्काची एक गंमत अशी की ज्या काळात त्याची सगळ्यांत जास्त गरज पडावी, त्याच काळात तो निरुपयोगी झाला होता. २०२१ च्या शरदात घाऊक गॅसचे भाव भडकले. घरगुती ग्राहकाला लावायच्या दरावर २०१९ पासून सरकारी मर्यादा होती. महाग घ्यायचं आणि मर्यादेत विकायचं, हे लहान कंपन्यांना झेपेना. पुढच्या काही महिन्यांत सुमारे ३० कंपन्या बुडाल्या. बल्ब नावाची, १५ लाखांहून अधिक ग्राहक असलेली कंपनी नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारला विशेष प्रशासनाखाली घ्यावी लागली. कंपनी बुडाली म्हणून कोणाचे दिवे गेले नाहीत. ग्राहकांना दुसऱ्या कंपनीकडे सोपवण्यात आलं. म्हणजे रात्री झोपताना एक कंपनी आणि सकाळी उठल्यावर दुसरी, आणि तुमची मर्जी कोणी विचारलेली नाही. जानेवारी २०२३ साठी सर्वसाधारण घराची वार्षिक मर्यादा ४,२७९ पौंडांवर गेली. सरकारने पदरचे पैसे घालून ती २,५०० वर धरली म्हणून लोक तगले. त्या हिवाळ्यात कोणी कंपनी बदलत नव्हतं, कारण बदलून जायचं कुठे? सगळ्या दुकानांत एकच भाव होता. मग निवडीचा छंद असलेल्या मंडळींनी मोजे निवडायला घेतले.

ज्या घरांत भाड्यात बिल धरलेलं असतं तिथली कथा वेगळी. एका घरात पाच-सहा विद्यार्थी, प्रत्येकाची एक खोली, स्वयंपाकघर सामाईक. अशा एका घरात आमचा एक भाचा राहायचा. तिथे हॉलच्या भिंतीवर हीटरचा थर्मोस्टॅट होता आणि त्यावर मालकाने पारदर्शक प्लास्टिकची पेटी बसवून कुलूप घातलं होतं. आकडा दिसायचा, १७. बोट पोचायचं नाही. मुलं येता-जाता त्या पेटीकडे बघायची. बारामतीच्या एकाने तर गुढीपाडव्याला त्या पेटीलाच झेंडूचं फूल खोचलं. बिल मालकाचं, म्हणून थंडीचं प्रमाणही मालकाचं. इथेसुद्धा कायद्याने एक मर्यादा घातली आहे. मालक भाडेकरूला वीज वेगळी मोजून विकत असेल, तर स्वतः जितक्याला घेतली त्याहून जास्त दर लावता येत नाही. विजेवर नफा कमवायला त्याला बंदी आहे. भाड्यावर किती कमवावा हे अर्थात त्याच्या विवेकावर सोडलेलं आहे.

हे वाचून पुण्यात खोली घेऊन राहिलेल्या कोणालाही सबमीटर आठवेल. मुख्य मीटर मालकाचं, आपल्या खोलीबाहेर एक छोटं मीटर, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला मालकीणबाई चष्मा लावून आकडा उतरवून घेणार. दर त्या सांगतील तो. त्यात त्यांची लबाडी असतेच असं नाही. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली १०० युनिटं स्वस्त, पुढची महाग, त्यापुढची आणखी महाग. चार खोल्यांतल्या चार मुलांची वेगवेगळी मीटरं असती तर चौघेही स्वस्त टप्प्यात बसले असते. एका मीटरवर ती चौघं मिळून वरच्या टप्प्यात जातात आणि मग प्रत्येकाला दुसऱ्याचा गिझर दिसायला लागतो. ‘गिझर सकाळी ६ ते ७’ ही पाटी अशा अर्थशास्त्रातून जन्माला येते.

मुंबईच्या उपनगरांत तर निवडीचा हक्क खरोखरच आला होता, अजून आहे. तिथे १९२९ सालची बीएसईएस ही जुनी कंपनी. पुढे ती रिलायन्सची झाली आणि २०१८ पासून अदानींची. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की टाटा पॉवरलाही या भागात घरोघरी वीज विकता येते. ऑक्टोबर २००९ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने वाट मोकळी करून दिली: तारा रिलायन्सच्याच, वीज टाटांची. गोरेगावात त्या वर्षी जिन्याजिन्यात हीच बोलणी. कोणाचा दर किती, कोणाचं मीटर पळतं, कोणाचा माणूस लवकर येतो. मीही उत्साहाने काकांकडे गेलो. काका म्हणाले, “कशाला उगाच? चाललंय ना?” अर्ज ज्याच्या नावाने बिल येतं त्याने करायचा होता, आणि बिल काकांच्याही नावाने नव्हतं. ते काकांच्या वडिलांच्या नावाने येत असे. वडील माझ्या येण्याच्या कितीतरी आधी निवर्तले होते. त्यांची सही मिळणं अवघड होतं.

तोवर मला त्या बिलाचं पूर्ण मर्म कळलं नव्हतं. बँकेत खातं उघडायला गेलो की रहिवासाचा पुरावा मागत. आहे की, म्हणून मी विजेचं बिल पुढे करायचो. कारकून नाव वाचून माझ्याकडे बघायचा. दर महिन्याला रांगेत उभं राहून, वेळेआधी भरल्याची सवलतसुद्धा न चुकवता, मी काकांच्या कैलासवासी वडिलांचा रहिवासाचा पुरावा अद्ययावत ठेवत होतो. ते राहतात याची खात्री शासनाला होती. मी राहतो याची नव्हती.

कायदा आपल्याकडेही भाडेकरूच्या बाजूने आहे, आणि तो नवाही नाही. २००३ च्या वीज कायद्यात वीज मागण्याचा हक्क मालकाइतकाच जागेत राहणाऱ्यालाही दिला आहे, आणि अर्जानंतर एका महिन्यात जोडणी द्यावी असं म्हटलं आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वीज-पाणी तोडून भाडेकरूला जेरीस आणण्याला मनाई केली आहे. आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की वीज ही मूलभूत सोय आहे, मालकाने ना हरकत प्रमाणपत्र दिलं नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. अर्ज करणारा त्या जागेत खरंच राहतो का, एवढंच कंपनीने पाहायचं. तरी अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस कोर्टाचा निकाल छापून काकांपुढे ठेवणार नाही. बारावा महिना त्याच्या डोळ्यांपुढे असतो. भाडेकरूचे बहुतेक हक्क या बाराव्या महिन्यात अडकून पडलेले आहेत. ब्रिटनमध्येही नोटीस मिळेल या धास्तीने गप्प बसणारे भाडेकरू पुष्कळ आहेत; तिथे फक्त मालकाला नावाने हाक मारून गप्प बसतात.

कंपनी बदलून आमचे वर्षाला किती पैसे वाचले, असं लोक विचारतात. चांगलंसं जेवण होईल इतके. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असंही विचारतात. नव्या कंपनीचं पहिलं बिल आलं तेव्हा त्यावर आमच्या दोघांची नावं होती, आडनावाच्या स्पेलिंगसकट बरोबर. बायकोने त्याच दिवशी त्याच्या प्रती काढल्या: बँकेसाठी एक, दवाखान्यासाठी एक, आणि लायब्ररीच्या कार्डासाठी एक. ज्या घराचे पैसे आपण भरतो त्या घरात आपण राहतो, हे तिसऱ्या माणसाला दाखवता येणं ही चैन आहे आणि ती अकारण महाग करून ठेवलेली आहे. घर मालकाचं हे कबूल. भिंती त्याच्या, छप्पर त्याचं, ख्रिसमसचं झाडसुद्धा त्याचं. पण त्या भिंतींच्या आत उजेड आणि ऊब ज्याच्या खिशातून येते, त्याला ती कोणाकडून घ्यायची हे ठरवू द्यावं. यात मालकाचं काही जात नाही.

मालक असाल तर एवढं करा: बिल कोणी भरायचं हे करारात स्पष्ट लिहा, भाडेकरू भरणार असेल तर कंपनीचा विषय सोडून द्या, आणि वडिलांचं नाव आता तरी बिलावरून काढा. भाडेकरू असाल तर किल्ली हातात पडेल त्या दिवशी मीटरचा फोटो काढा, करारातलं विजेचं वाक्य शोधून वाचा, आणि बिल तुम्हीच भरणार असा मजकूर असेल तर कंपनी बदलण्यापूर्वी मालकाला जरूर कळवा. विचारू नका.